भिंतीतलं अस्तर

“अभिनंदन! एकदम स्वच्छ आहे तुझी पिशवी,” जिन्यात समोरून येणारा फोटोग्राफर म्हणाला, आणि तिचा पाय पायरीवर पडायच्या ऐवजी पायरीच्या कडेवर पडला. पडली नाही ती. एका हाताने कठडा धरला, दुसऱ्या हातातला स्लाइड्सचा ट्रे छातीशी घट्ट दाबला. काचा नुसत्या किणकिणल्या. “अगं सांभाळ,” तो हसत म्हणाला, “चांगली बातमी दिली मी.” ती थँक्यू म्हणाली. तो कागदी कपातला चहा सांभाळत वर निघून गेला आणि ती जिन्याच्या वळणावर उभी राहिली, खाली कशाला निघाली होती ते आठवत. पिशवी म्हणजे गर्भाशय, आणि फोटोग्राफर म्हणजे एमआरआयचा डॉक्टर. आम्ही काय, फोटो काढणारी माणसं, असं तो स्वतःच सगळ्यांना सांगत फिरायचा, म्हणून त्याचं नाव तसं पडलं होतं. मशिनवर नवीन प्रोग्रॅम बसवला तेव्हा पेशंट घ्यायच्या आधी कुणाला तरी आत झोपवून बघायचं होतं. ती पटकन म्हणाली होती, मी झोपते, ऑफिसच्या वेळात आडवं व्हायला मिळतंय तर कोण सोडेल. सगळे हसले होते. तीही हसली होती. आणि आत त्या नळीत, हातोडे मारल्यासारख्या आवाजात, डोळे मिटून ती पडून राहिली होती ती मात्र अगदी वेगळ्याच कारणासाठी. ते कारण तिने स्वतःलासुद्धा धड सांगितलं नव्हतं. आता जिन्यात उभं राहिल्यावर ते तिला कळलं. तिला वाटत होतं, दिसेल. न मागता, न बोलता, कुणाला तरी दिसेल. आणि ते तर स्वच्छ निघालं. चोरीची तक्रार द्यायला गेलेल्या माणसाला शिपायाने सांगावं, जा घरी, तुमचं सगळं जागच्या जागी आहे. तसं तिला झालं. आनंद व्हायला हवा होता. आनंद शोधायला ती आत गेली तर तिथे भलतंच काहीतरी बसलेलं होतं, लाज म्हणावी असं.

ती पॅथॉलॉजिस्ट होती. लोकांच्या शरीरातून काढलेलं तपासायचं, पातळ कापून, रंगवून, भिंगाखाली घालून, हे तिचं काम. नवऱ्याचं चष्म्याचं दुकान होतं. आम्ही दोघंही काचेवरच पोट भरतो, असं तो पाहुण्यांना सांगायचा. गेली काही वर्षं ती मोठ्या बाईंच्या हाताखाली एकाच रोगावर काम करत होती. अ‍ॅडिनोमायोसिस. नाव एवढं लांबलचक, आणि रोग सांगायला अगदी सोपा. गर्भाशयाला आतून एक अस्तर असतं, दर महिन्याला वाढणारं आणि गळून जाणारं. त्याच्या बाहेर स्नायूंची जाड भिंत. अस्तराने अस्तराच्या जागी राहावं, भिंतीने भिंतीच्या. काही बायकांच्या बाबतीत तसं होत नाही. अस्तराचे तुकडे भिंतीत सापडतात, आणि भिंतीतल्या भिंतीतही ते आपला शिरस्ता सोडत नाहीत. दर महिन्याला फुगतात, रक्ताळतात, आणि बाहेर यायला वाट नसते. भिंत सुजते, पिशवी जड होते, बाई कळवळते. इथपर्यंत सगळं सोपं. हे का होतं, असं विचारलं की गोंधळ सुरू. मोठ्या बाईंचं म्हणणं, अस्तर आणि भिंत यांच्या सीमेला कधीतरी चीर जाते, बाळंतपणात, एखाद्या ऑपरेशनात, नाहीतर नुसत्या आकुंचनांनी, आणि त्या चिरेतून अस्तर आत घुसतं. दुसऱ्या काही जणांचं म्हणणं, घुसत बिसत काही नाही. भिंत तयार होतानाच काही चुकार पेशी तिच्यात राहून गेलेल्या असतात, त्याच पुढे अस्तराचं रूप घेतात. तिला दोन्ही पटायचं, आणि ज्या दिवशी जे वाचलं असेल ते जास्त पटायचं. स्लाइडवर काय दिसणार? घरात घुसलेला माणूस आणि घरातच जन्मलेला माणूस, खुर्चीत बसल्यावर दोघे सारखेच दिसतात. पूर्वी तर पिशवी काढल्याशिवाय हा रोग आहे की नाही तेही कळायचं नाही, आणि काढल्यावर कळून उपयोग काय? म्हणून आता फोटो. अस्तराच्या कडेला जो काळसर पट्टा दिसतो, तो किती जाड, किती ओबडधोबड, त्यात पांढरे ठिपके आहेत का, हे फोटोग्राफर मोजणार; पुढे ज्यांची पिशवी निघेल त्यांची ती कापून बघणार; आणि दोघांचं जुळतं का, हे मोठ्या बाई ठरवणार. तिचा पट्टा सडपातळ होता. कडा सुरेख. ठिपके शून्य.

आणि दुखायचं ते? ती खाली प्रयोगशाळेत येऊन आपल्या खुर्चीत बसली, पहिली स्लाइड लावली, आणि स्लाइडकडे न बघता भिंगात बघत राहिली. दुखायचं ते कुठून यायचं? ती शोधायला जायची तर ते जागा बदलायचं. पोटात म्हणावं तर कमरेत, कमरेत म्हणावं तर मांडीच्या आतल्या बाजूला, आणि कधी कधी तर खोलीतच कुठेतरी, कपाटाच्या आसपास. दोन दिवस ती माणसांशी बोलायची, रिपोर्ट लिहायची, नवऱ्याला भाजी काय आणायची ते सांगायची, आणि हे सगळं ती एका जाड पडद्यामागून करायची. नवऱ्याला ठाऊक होतं, म्हणजे तारीख ठाऊक होती. तो त्या दिवसांत टीव्हीचा आवाज कमी करायचा. एकदा तो म्हणाला होता, “डॉक्टरला दाखवू या का?” आणि ती म्हणाली होती, “मीच डॉक्टर आहे.” तो विषय तिथे संपला. रोज हाच रोग बघणाऱ्या बाईने आपल्याला तोच झालाय असं म्हणणं तिला चारचौघांत हास्यास्पद वाटायचं. मेडिकलच्या पहिल्या वर्षात पोरांना पुस्तकातले सगळे रोग आपल्यालाच झाल्यासारखे वाटतात, तसलं. आणि त्याहून खाली, अगदी तळाशी, आईचा आवाज होता. कळ काढ. आई एवढंच म्हणायची. पहिल्यांदा पोटात पिळवटलं तेव्हा ती न्हाणीघराच्या दाराशी उभी राहून रडत होती, आणि आई कपडे पिळता पिळता म्हणाली होती, “कळ काढ. सवय होते.” सवय झाली नाही. कळ काढायची मात्र सवय झाली.

त्याच्याही आधीची एक आठवण होती, ती आठवण आहे की तिने नंतर रचलेली गोष्ट, हे तिला सांगता आलं नसतं. दुपारची वेळ. आई पलंगाशी गुडघे टेकून बसलेली, कपाळ गादीच्या कडेवर, दोन्ही हात पलंगाखाली. ती दारातून विचारते, आई, काय हरवलंय? आई तशीच बसून म्हणते, सुई. मग ती पोटावर झोपून पलंगाखाली शिरते आणि सुई शोधू लागते. किती वेळ शोधलं कोण जाणे. धूळ, एक बटण, चपलेचा तुटका पट्टा. सुई सापडत नाही म्हणून तिला रडू यायला लागलेलं. आणि वरून आईचा श्वास ऐकू येतोय, लांब, मोजून घेतल्यासारखा. पुढे बऱ्याच वर्षांनी तिच्या लक्षात आलं की सुई नव्हतीच. पण लक्षात आलं म्हणजे नक्की काय झालं? आईने तर कधी सांगितलं नाही.

“डॉक्टर, ही तुलनेतल्यांपैकी आहे, पण जरा बघता का,” मेणात बसवलेले तुकडे कापणारा टेक्निशियन म्हणाला आणि दुसरी एक स्लाइड पुढे ठेवून गेला. तुलनेसाठी त्यांना निरोगी पिशव्या लागत. निरोगी पिशवी कोण काढून देणार? म्हणून ज्या बायकांची पिशवी खाली सरकली म्हणून काढावी लागते, दुखण्याची काही तक्रार नसते, त्यांच्या घेत. ही पोहायला शिकवणाऱ्या एका बाईची होती. पन्नाशी उलटलेली, दोन मुलं, त्रास कसलाही नाही, असं नर्सने लिहून घेतलं होतं. तिने भिंगात पाहिलं. गुलाबी स्नायूंच्या लाटा, आणि त्यात ठिकठिकाणी जांभळ्या ग्रंथींची बेटं. एक, दोन, मग मोजणं सोडावं इतकी. सीमेपासून पार बाहेरच्या कडेपर्यंत भिंत नुसती भरलेली. इतकी भरलेली भिंत तिने रोग असलेल्यांच्यातसुद्धा क्वचित पाहिली होती. तिने नाव पडताळलं, नंबर पडताळला, टेक्निशियनला पुन्हा बोलावून विचारलं, अदलाबदल तर नाही ना? नव्हती. एका दिवसात हे दोन धक्के आले नसते तर दोन्ही तिने पचवले असते. पण सकाळी जिन्यात रिकामी भिंत, दुपारी ही भरलेली. रिकामी तिची, आणि तिला दुखतं. भरलेली त्या बाईची, आणि तिला काही नाही. तिला एक वेडगळ विचार आला, की कुठेतरी तारा उलट जोडल्या गेल्यात. भरलेल्या भिंतींचं दुखणं भलत्याच बायकांना पोचतंय.

पोहायला शिकवणारी बाई टाके दाखवायला येणार होती, तेव्हा ती मुद्दाम खाली ओपीडीत गेली. पॅथॉलॉजिस्ट ओपीडीत येत नाहीत. नर्सने तिला पाहून भुवया उंचावल्या. बाई बाकावर ऐसपैस बसली होती, रुंद खांद्यांची, केस अजून ओले असावेत असे चापून बसवलेले, शेजारी तिची लेक मोबाइलमध्ये. तिने आपण पॅथॉलॉजिस्ट असल्याचं सांगितलं, बरं आहे ना विचारलं, आणि मग, “तुम्हाला महिन्याच्या वेळी कधी दुखायचं का हो?”

“छे! कधीच नाही,” बाई म्हणाली. “मी पाण्यातली बाई. आमच्याकडे असले लाड नसतात.”

“आई,” लेक मोबाइलमधून डोकं वर न काढता म्हणाली, “काहीही बोलू नकोस. दोन दिवस दार लावून पडायचीस. आम्हाला स्वयंपाकघरात ओरडायचीसुद्धा चोरी.”

“ते डोकं दुखायचं माझं. क्लोरीनने. तू लहान होतीस, तुला काय कळतंय?”

“दर महिन्याला बरोबर दोन दिवस क्लोरीन वाढायचं का?”

“ही अशी आहे बघा,” बाई तिच्याकडे वळून म्हणाली, हसत, पण जरा रागावूनच. “दुखत नव्हतं म्हणजे नव्हतं. मला विचारताय ना तुम्ही? मग मी सांगते ते लिहा.”

तिने मान डोलावली. लिहिण्यासारखं तिच्या हातात काही नव्हतंच. परत वर येताना ती विचार करत होती, कुणाचं खरं धरायचं? ज्या बाईचं पोट ती म्हणते दुखत नव्हतं. दाराबाहेर उभी राहिलेली पोर म्हणते दुखत होतं. पोर लहान होती, खरं आहे. लहान पोरं काहीही रचतात. लहान पोरं पलंगाखाली सुयासुद्धा शोधतात.

“तिला कुठल्या गटात टाकू?” तिने मोठ्या बाईंना विचारलं. मोठ्या बाई खिडकीतल्या कुंडीला पाणी घालत होत्या. त्या नेहमी असं काहीतरी करत असतानाच बोलायच्या. त्यामुळे माणसाला वाटायचं आपला प्रश्न छोटा आहे.

“त्रास नव्हता ना? मग निरोगी.”

“पण भिंत भरलीय.”

“मग रोगी.”

“पण ती म्हणते तिला कधी काही झालंच नाही.”

“अगं मग तुला पाहिजे काय?” मोठ्या बाई वळल्या. “हे बघ, हे होतंच. जास्त कापलं की जास्त सापडतं. तू एकेका पिशवीचे इतके तुकडे करतेस, दोन तुकडे कापून थांबली असतीस तर ही बाई निरोगीच राहिली असती. पूर्वी दोनच कापायचे. नव्हतं काही दिसत, नव्हता काही गोंधळ.” त्यांनी तिच्याकडे जरा निरखून पाहिलं. “तुझा चेहरा उतरलाय. सुट्टी घे दोन दिवस.”

पूर्वी दोनच कापायचे. हे ती शिकत होती तेव्हापासून तिला माहीत होतं, शंभरदा तिने ते दुसऱ्यांना सांगितलं होतं. पण त्या दिवशी ते वाक्य तिच्यात शिरलं आणि बाहेर येईना. आईची पिशवी ती शाळेत असताना काढली होती. ह्याच इस्पितळात. आईचे किती कापले असतील? दोन.

सुट्टी घेतली ती तिने आईकडे जायला. आई शहराच्या दुसऱ्या टोकाला तिसऱ्या मजल्यावर एकटी राहायची. वडील जाऊन बरीच वर्षं झाली होती. ती गेली तेव्हा आई उशांचे अभ्रे इस्त्री करत होती. वाफेचा, गरम कापडाचा वास. ती खुर्चीत बसून आईचे हात बघत राहिली, पुढे, मागे, घडी, पुढे, मागे, आणि मग इकडचं तिकडचं काही न बोलता तिने विचारलं, “आई, तुझी पिशवी काढली तेव्हा तपासणीत काय आलं होतं?”

आईने इस्त्री उभी ठेवली. “आज कुठून उपटलं हे?”

“असंच. काय आलं होतं?”

“विशेष काही नाही, असं आलं होतं.”

“तेवढंच?”

“तेवढंच. तुझ्या बाबांनी दोनदा वाचलं. मग कागदाची घडी घातली आणि म्हणाले, म्हणजे चांगली होती की.” आई पुन्हा इस्त्री करू लागली. “बाकी काही बोलले नाहीत कधी. तुझी आत्या बोलायची. धडधाकट अवयव काढून बसली म्हणायची, कामं टाळायला. ते म्हणायचे, जाऊ दे.”

“कुणाला म्हणायचे जाऊ दे? आत्याला की तुला?”

“ते मला कधी कळलं नाही,” आई म्हणाली.

वडिलांचा चेहरा तिला प्रेमळ आठवत होता, घडी घालणारे हात प्रेमळ आठवत होते. आता ती तीच घडी पुन्हा पाहत होती आणि तिचा अर्थ लागत नव्हता. म्हणजे चांगली होती की. यात सुटका होती, की हिशेब? ते आनंदाने म्हणाले असतील, बायकोला कॅन्सर नव्हता म्हणून. नसतीलही. फोटोग्राफरही आनंदानेच म्हणाला होता. तिने आईला समजावून सांगितलं, की असे तुकडे मेणात बसवून ठेवतात, ठोकळे करून. ते खराब होत नाहीत. तळघरात अजून असतील. पुन्हा, जास्त खोल कापून बघता येईल. तुझी परवानगी लागेल. आई ऐकत होती, पण ऐकताना तिने एक अभ्रा दोनदा इस्त्री केला.

“आणि सापडलं तर?” आई म्हणाली.

“तर सापडलं.”

“आणि नाही सापडलं तर परत एकदा विशेष काही नाही.”

हे तिला सुचलं नव्हतं. आपण आईला काय द्यायला आलो आहोत, आणि ते आईसाठी आहे की स्वतःसाठी, हे तिला अचानक कळेनासं झालं. आईची भिंत भरलेली निघाली तर तिच्या स्वतःच्या रिकाम्या भिंतीला त्याचा काय आधार? आणि तरी आधार हवा होता खरा. आईने इस्त्रीचा प्लग काढला. “कापा,” ती म्हणाली. “पण मी येणार बघायला. माझीच आहे ती.”

ठोकळा सापडला. एकच, बाकीचे कुठे गेले कुणाला माहीत. मेण पिवळं पडलेलं, कडेला चिरलेलं, मधे नखाएवढा फिकट तपकिरी तुकडा. तिने तो टेक्निशियनच्या हातात दिला तेव्हा तो कुणाचा हे सांगितलं नाही, फक्त म्हणाली, जरा जपून. टेक्निशियनने बर्फावर थंड केला, मशिनला लावला, दांडा फिरवू लागला. पातीवरून मेणाची पातळ फीत निघते, ती कोमट पाण्यावर सोडायची, मग काचेवर उचलायची. हे तिने आयुष्यभर पाहिलं होतं. त्या दिवशी तिला पाती सुटण्याचा तो बारीक आवाज सहन होईना. ती बाहेर जाऊन उभी राहिली. पहिल्या काचांवर काही नव्हतं. भिंत, भिंत, शिस्तीत चाललेले स्नायू. अजून खोल, ती म्हणाली. तिथेही काही नव्हतं. अजून खोल. टेक्निशियन म्हणाला, “डॉक्टर, आता एवढंच राहिलंय. हे कापलं की ठोकळ्यात काही उरणार नाही.” ती म्हणाली, “थांब.” आणि आईला फोन केला, की उद्या ये.

आई आली ती चांगले कपडे घालून, पर्स घेऊन, कुणाच्या तरी घरी भेटीला आल्यासारखी. टेक्निशियनने उठून खुर्ची दिली. तेव्हा त्याला कळलं ठोकळा कुणाचा ते, आणि तो उगीचच टेबल पुसू लागला. उरलेलं कापू का, हे तिने आईला विचारलं. नंतर काही राहणार नाही, हेही सांगितलं. “इतकी वर्षं तळघरात ठेवून काय झालं?” आई म्हणाली. मग ते कापलं. रंगवून काच हातात यायला दुपार झाली. दोघींना एकाच वेळी बघता येईल असं दोन तोंडांचं भिंग होतं, विद्यार्थ्यांना शिकवायचं. एका बाजूला आई बसली, एका बाजूला ती. आईला आधी स्वतःच्या पापण्याच दिसत होत्या, मग तिने मान जरा मागे घेतली आणि म्हणाली, “हं. गुलाबी.”

ती काच हळूहळू सरकवत होती. अस्तर, जुनं, पातळ झालेलं. सीमा. भिंत. भिंत. आणि तिथे एक बेट होतं. एकच. जांभळ्या ग्रंथींची तीन-चार वर्तुळं, भोवती थोडी गर्दी, आणि चहूकडे गुलाबी स्नायू. तिचा हात थांबला. तिचा श्वासही थांबला असावा, कारण आईने पलीकडून विचारलं, “काय झालं?”

“हे बघ. बाण दिसतोय ना? त्याच्या टोकाशी.”

“हे जांभळं?”

“हो.”

“हेच का ते?”

पण तिचे डोळे त्याआधीच मोजू लागले होते. सीमेपासून किती खोल? एका पुस्तकात जे माप दिलंय त्याने हा रोग. दुसऱ्या पुस्तकात दिलंय त्याने नव्हे. सीमा थोडी वेडीवाकडी असते, तेवढंच. आणि पाती तिरकी बसली असेल तर? तिरका काप गेला की सीमेवरचं अस्तर भिंतीत असल्यासारखं दिसतं. खाली आणखी थर असता तर कापून ठरवता आलं असतं. खाली काही उरलं नव्हतं. पोहायला शिकवणारीची अख्खी भिंत, आणि आईचं हे एवढंसं बेट, तेही असेल नसेल. तिला वाटलं हे बेट तिथे होतं की तिने खोल खोल कापत जाऊन ते तिथे आणलं?

“आहे, आई,” ती म्हणाली. “आहे.”

आईने भिंगातून डोळे काढले आणि तिच्याकडे पाहिलं. “तू टेलिफोनवर बाकीच्यांना सांगतेस तशी नाही बोललीस,” ती म्हणाली. “मी ऐकलंय तुला त्यांच्याशी बोलताना. तसं सांग.”

टेक्निशियन कधीच बाहेर निघून गेला होता. खोलीत पंख्याचा आणि पाण्याच्या टबाचा आवाज तेवढा येत होता. तिने सांगितलं. एका मापाने आहे, एका मापाने नाही. काप तिरका असू शकतो. आणि असलं तरी एवढ्याशाने दुखेलच असं नाही, आणि नसलं तरी दुखणार नाही असंही नाही. एक बाई आहे, तिची सगळी भिंत भरलीय आणि ती म्हणते मला कधीच दुखलं नाही. दुसरी एक आहे, तिची स्वच्छ आहे. बोलता बोलता तिचा आवाज सपाट होत गेला, कामावरचा; आणि आई मान हलवत ऐकत होती, एखाद्या परक्या पण सभ्य माणसाचं ऐकावं तशी.

“बरं,” आई म्हणाली. तिने पर्स उघडली, बंद केली. मग दुसरीकडे बघत, “तुझे बाबा असते तर त्यांना काय सांगितलं असतंस?”

“हेच.”

“त्यांना नसतं कळलं,” आई म्हणाली. “मलाही नाही कळलं सगळं. पण त्यांनी परत घडी घातली नसती बहुतेक.” आणि पुन्हा भिंगाला डोळे लावून ती ते जांभळं बघत बसली. तिच्या चेहऱ्यावर सुटका नव्हती, रागही नव्हता. रस्त्यात कुणी ओळखीचं वाटावं आणि नाव आठवू नये, तसं काहीतरी होतं. “ती दुसरी कोण?” तिने डोळे न काढताच विचारलं. “स्वच्छवाली.”

तिला काहीतरी बोलून वेळ मारून नेता आली असती. एक पेशंट आहे म्हणता आलं असतं. पण गेल्या तासाभरात तिच्या कमरेत ते सुरू झालं होतं, आधी कमरेत, मग पुढे, आणि उत्साहाच्या भरात तिने तिकडे लक्ष दिलं नव्हतं. आता तारीख आठवली. तिने टेबलाची कड धरली. टेबलावरच्या काचेची कड थंड होती. आपण बसलो आहोत की उभ्या, हे तिला एक क्षण कळलं नाही.

आईने डोळे काढले. तिने पाहिलं, टेबलावरची बोटं, ओठ, श्वास. ती खुर्चीतून उठली आणि टेबलाला वळसा घालून इकडे आली.

“आई,” ती म्हणाली, “दुखतंय.”

“कुठे?”

“माहीत नाही.” तिने खरंच शोधून पाहिलं. “फोटोत काही नाही, आई. माझं काहीच नाही आलं.”

“मी फोटोचं विचारलं का?” आई म्हणाली. तिचा तळहात लेकीच्या पाठीवर आला, कमरेच्या जरा वर, आणि हळूहळू खाली सरकू लागला, थांबत, अंदाज घेत. “इथे?”

“नाही.”

“इथे?”

“अजून खाली,” ती म्हणाली. “जरा डावीकडे. हं. तिथे.”